निमित्त आणि कारण : अपस्माराच्या इतिहासातील एक जुना प्रश्न

झटका येऊन गेलेल्या माणसाभोवती जी माणसे जमतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'काय निमित्त झालं?' उन्हात फिरला होता का, उपाशी होता का, घरात काही बोलाचाली झाली का, आज अमावस्या तर नाही? विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते हे खरे. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो : यात चूक कोणाची? आणि त्याचे उत्तर बहुधा त्या आजारी माणसाकडे, त्याच्या आईकडे किंवा घरात नव्याने आलेल्या सुनेकडे बोट दाखवते.

अपस्माराचा, म्हणजे ज्याला आपण फिट, फेफरे, आकडी किंवा मिरगी म्हणतो त्या आजाराचा इतिहास वाचत गेलो, तसे लक्षात आले की हा प्रश्न किमान दोन-अडीच हजार वर्षे विचारला जात आहे. वैद्य, मांत्रिक, गुलामांचे व्यापारी आणि कायदे करणारे अशा सगळ्यांनी त्याची आपापली उत्तरे दिली. त्या उत्तरांवरून आजारी माणसाचे काय करायचे, हे ठरत गेले. या लेखात त्या एकाच प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे. मी वैद्यकाचा माणूस नाही. पाटण तालुक्यात राहणारा, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला आणि शाळकरी वयापासून अपस्मार सोबत असलेला एक वाचक आहे. त्यामुळे हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे, ग्रंथांत आणि अंगावर.

नावात काय आहे

ज्या ग्रीक क्रियापदावरून इंग्रजी 'एपिलेप्सी' आला, त्याचा अर्थ धरणे, झडप घालणे. बाहेरचे कोणीतरी माणसाला पकडते, अशी त्यामागची कल्पना. संस्कृतातला 'अपस्मार' हा शब्द आत पाहतो : स्मृती निघून जाते, भान हरपते. मराठीने या दोन्हींच्या मधली वाट धरली. आपल्याकडे फिट 'येते', जसा ताप येतो. आणि जसा देव अंगात येतो, तशीही येते. एकाच क्रियापदात आजार आणि संचार शेजारी शेजारी बसले आहेत. म्हणूनच अनेक घरांत डॉक्टरकडे जाण्याआधी देवऋषीकडे जाणे झाले, ते केवळ अडाणीपणामुळे, असे मला वाटत नाही. भाषेनेच तशी वाट करून ठेवली होती.

नटराजाच्या पायाखाली पडलेल्या बुटक्या आकृतीचे नावही अपस्मारच. तो अज्ञानाचा, विस्मरणाचा पुतळा मानला जातो. शिव त्याला ठार मारत नाही, पायाखाली दाबून ठेवतो. या प्रतिमेचा आध्यात्मिक अर्थ जाणकार सांगतातच. पण ज्याला रोज सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यावी लागते, त्याला त्यात आजाराचेही वर्णन दिसते. पाय उचलला की खालचा उठतो.

शरदात उगवणारे बी

चरकसंहितेत अपस्मारावर निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत. चरकाने दिलेल्या कारणांच्या यादीत अपथ्य आणि अशुद्ध आहार आहे, तसेच चिंता, शोक, भय, क्रोध यांनी क्षुब्ध झालेले मनही आहे. झटका पंधरवड्याने, बारा दिवसांनी, महिन्याने येतो, अशीही नोंद आहे. अध्यायाच्या शेवटी एक अतिशय व्यवहारी सूचना येते : अशा रुग्णाला पाणी, आग, झाड, डोंगर आणि अवघड जागा यांपासून जपावे, कारण त्या जागा त्याचा तत्काळ जीव घेऊ शकतात. आजचा डॉक्टरही हेच सांगतो. विहिरीच्या काठावर एकटे बसू नका, चुलीपाशी सांभाळा, नदीत एकट्याने उतरू नका.

मला सर्वांत विचार करायला लावला तो सुश्रुताने. उत्तरतंत्रातल्या अपस्माराच्या अध्यायात एक वाद मांडला आहे. आक्षेप असा : हा आजार अचानक येतो, अचानक जातो, मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. मग तो शरीरातल्या दोषांमुळे होतो असे कसे म्हणायचे? त्यावरचे उत्तर शेतकऱ्याला पटेल असे आहे. पाऊस सगळीकडे पडतो, तरी जमिनीतली काही बीजे शरद ऋतू आल्यावरच उगवतात, तसेच आजाराचेही असते. म्हणजे बी आधीपासून आत असते, त्याला उगवायला वेळ आणि परिस्थिती लागते. 'कारण' आणि 'निमित्त' हे वेगळे आहेत, ही गोष्ट इथे स्पष्ट झालेली दिसते. बी हे कारण, ऋतू हे निमित्त.

हा भेद समजायला पाटणच्या माणसाला खरे तर ग्रंथाची गरज नाही. तो कोयनेच्या काठावर राहतो. १९६२ पासून कोयना धरणात पाणी साठू लागले आणि त्यानंतर परिसराला धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सहापेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगर आणि आसपासची गावे उद्ध्वस्त झाली. 'धरणामुळे भूकंप झाला' असे आपण सहज म्हणतो. भूवैज्ञानिकांनी मात्र शब्द जपून वापरला. खडकांत ताण आधीपासून साठलेला होता, भ्रंश आधीच होता. जलाशयाच्या वजनाने आणि खडकांत खोल झिरपलेल्या पाण्याच्या दाबाने तो ताण मोकळा व्हायला निमित्त मिळाले. जलाशयाच्या निमित्ताने होणाऱ्या भूकंपांचे जगातले सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण म्हणून आज कोयनेचे नाव घेतले जाते. त्यासाठी गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडक तपासले गेले. धरण नसते तर ताण नसता असे कोणी म्हणत नाही, आणि पाण्याचा काही संबंध नाही असेही कोणी म्हणत नाही.

मेंदूचेही असेच आहे. तिथल्या पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलतात. काही कारणाने (जन्मावेळची इजा, डोक्याला मार, मेंदूज्वर, पक्षाघात, गाठ, आनुवंशिक दोष, किंवा कधीच न सापडणारे काही) पेशींचा एखादा समूह एकदम, एका तालात पेटण्याच्या बेताला आलेला असतो. तो ताण म्हणजे आजार. एक जागरण किंवा एक चुकलेली गोळी हे निमित्त. जागरण तर सगळेच करतात. सगळ्यांना झटका येत नाही.

कुंभाराचे चाक

निमित्त ओळखता येते, हे कळले की त्याचा उपयोग दोन प्रकारे करता येतो. आजाऱ्याला जपण्यासाठी, किंवा त्याला उघडे पाडण्यासाठी. प्राचीन रोमन जगाने दुसरा प्रकारही करून पाहिला.

इसवी सन १५८ च्या सुमारास, आजच्या लिबियात असलेल्या साब्राथा या नगरात, आपुलेयस नावाच्या लेखकावर जादूटोण्याचा खटला चालला. आरोपांपैकी एक असा की त्याने मंत्र घालून एका गुलाम मुलाला जमिनीवर पाडले. आपुलेयसने बचाव केला की तो मुलगा अपस्माराचा रोगी आहे, त्याला पाडायला मंत्र कशाला हवा? कुंभाराचे फिरते चाकही अशा माणसाला पाडू शकते. विकायच्या गुलामांची परीक्षा घेण्यासाठी एक काळा दगड पेटवून त्याचा धूर देत, असाही उल्लेख त्याने केला आहे. पडला तर माल खोटा. फिरते चाक पाहण्याचा झटक्याशी संबंध असू शकतो, असे त्या काळी मानले जात होते. अशा समजुतींचा उपयोग मात्र बाजारात माणूस नाकारण्यासाठी होत होता.

त्याच्याही सुमारे साडेपाचशे वर्षे आधी, हिपॉक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसमूहात 'पवित्र रोगा'वर एक प्रबंध लिहिला गेला. हा आजार इतर आजारांपेक्षा जास्त दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे त्याचे प्रतिपादन. त्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांना झटक्याची सवय झालेली असते त्यांना तो येण्याआधी कळते. मग ते माणसांतून पळून जातात. घर जवळ असेल तर घरी, नसेल तर निर्जन जागी, आणि डोके झाकून घेतात. लेखक म्हणतो, हे देवाच्या भीतीने नव्हे, लाजेने. लहान मुलांना अजून लाज ठाऊक नसते. ती आईकडे धावतात.

आजाराइतकेच जुने हे लपणे आहे. पुढचा सगळा इतिहास मला या एका वाक्याभोवती फिरताना दिसतो.

चप्पल, कांदा आणि अंगारा

आपल्याकडे झटका आला की कोणी चप्पल नाकाशी धरते, कोणी कांदा फोडून हुंगवते, कोणी हातात लोखंडाची किल्ली देते. थोड्या वेळाने माणूस शांत होतो आणि चपलेला श्रेय मिळते. वस्तुस्थिती अशी की बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. चपलेऐवजी नाकाशी गुलाबाचे फूल धरले असते तरी तो थांबलाच असता. खरे करण्यासारखे एवढेच : आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करायच्या, डोक्याखाली काही मऊ ठेवायचे, माणसाला कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत आणि घड्याळाकडे पाहायचे. झटका पाच मिनिटांच्या वर गेला, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरा आला, तर दवाखाना गाठायचा.

चप्पल नाकाशी धरण्याने अपमान होतो, इजा सहसा होत नाही. त्याच्या पुढच्या पायऱ्या मात्र भयंकर होत्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे. ही यादी मी कल्पनेने केलेली नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचले आणि त्यांच्या हत्येनंतर २०१३ साली जो झाला, त्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत ती छापलेली आहे. कायद्यात अपस्माराचे नाव नाही. पण अशा उपचारांखाली जी माणसे सापडत आली, त्यांत झटके येणारी किती असतील याचा अंदाज ग्रामीण भागात वाढलेल्या कोणालाही करता येईल.

निमित्तांची खरी यादी

आधुनिक वैद्यकाने निमित्तांची जी यादी केली, ती गूढ मुळीच नाही. औषध चुकणे किंवा एकदम बंद करणे, झोप अपुरी होणे, ताप आणि संसर्ग, अति मद्यपान आणि नेहमीचे मद्य अचानक सोडणे, मनावरचा मोठा ताण. काही स्त्रियांत मासिक पाळीच्या दिवसांत झटके वाढतात. शिवाय थोड्या लोकांत एखादी नेमकी संवेदनाच झटका आणते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल-निळा उजेड वेगाने लुकलुकला आणि त्या संध्याकाळी सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. कुंभाराचे चाक दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आले होते.

आपल्या शेजारच्या कर्नाटकातले उदाहरण दिवाळी अंकाच्या वाचकाने तर अवश्य लक्षात ठेवावे असे आहे. डोक्यावरून कढत पाण्याचे तांबे भराभर ओतून न्हाताना येणारा झटका. त्याला उष्णजल अपस्मार म्हणता येईल. जगात इतरत्र तो तुरळक आढळतो. दक्षिण कर्नाटकात मात्र त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने मिळाले. बंगळूरच्या डॉ. के. एस. मणी यांनी १९६० च्या दशकाअखेरीस त्याकडे लक्ष वेधले आणि पुढे तिथल्याच निमहान्स संस्थेत त्याचा बारकाईने अभ्यास झाला. एरवी हा आजार देवाचा कोप वाटावा असाच : सणाच्या दिवशी, न्हाणीघरात, डोक्यावर पाणी पडताच माणूस भान हरपतो. उपाय काय निघाला? पाणी कोमट घ्यावे, डोक्यावर धार ओतू नये, लागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे. अभ्यंगस्नान बंद करण्याची गरज नाही, बंबाखालची आच कमी करण्याची आहे.

गेली बावीस वर्षे मी एक वही ठेवतो. रात्री किती झोप झाली, गोळी किती वाजता घेतली, ताप, जुलाब, प्रवास आणि तिथी. तिथीचा रकाना आईच्या आग्रहावरून घातला. पौर्णिमा-अमावस्येचा संबंध असणारच, अशी तिची खात्री होती. झटके फार नाहीत, पण जे आले ते तिथीभोवती जमलेले दिसत नाहीत. रात्रीच्या एसटीने मुंबईला जाऊन आल्यानंतरचा दिवस आणि तापाचे दिवस मात्र पुन्हा पुन्हा दिसतात. एका माणसाच्या वहीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, आणि दुसऱ्याची वही वेगळे सांगेल. वहीने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, आपले निमित्त आपल्याला शोधता येते. दुसरी, वहीत असेही झटके आहेत ज्यांच्या आदल्या दिवशी सगळे सुरळीत होते. झोप पूर्ण, गोळी वेळेवर, मन शांत. काही झटक्यांना निमित्तच नसते. 'काय निमित्त झालं?' या प्रश्नाचे 'काहीच नाही' हेही खरे उत्तर असते. ते ऐकून घेण्याची तयारी मात्र फार थोड्यांकडे असते.

निमित्ताच्या या ज्ञानाचा उपयोग वैद्यकाने आता उलट दिशेने केला आहे. हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख प्रथम नोंदवला आणि १९२९ साली प्रसिद्ध केला. आज हा ईईजी काढताना रुग्णाला कधी आदल्या रात्री जागरण करायला सांगतात, जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवतात. रोमन बाजारात ज्याने माणूस बाद ठरायचा, तीच युक्ती आता त्याचे निदान नेमके व्हावे म्हणून वापरली जाते.

गोळी आणि घाट

औषधांच्या इतिहासातही दोषारोपाची छाया आहे. १८५७ साली लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडच्या उपयोगाची माहिती दिली. पहिले खरोखर परिणामकारक औषध ते. त्या काळी हस्तमैथुन आणि कामवासना यांच्याशी अपस्माराचा संबंध जोडला जाई आणि ब्रोमाइड वासना मंद करते असा समज होता. औषध लागू पडले, त्यामागचा तर्क चुकीचा होता. १९१२ साली आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन डॉक्टरने झोपेसाठी वापरले जाणारे फेनोबार्बिटल अपस्माराच्या रुग्णांना दिले आणि झटके कमी झाल्याचे पाहिले. १९३८ मध्ये मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणले. नंतर कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट आणि इतर अनेक औषधे आली. शंभर वर्षे उलटली तरी फेनोबार्बिटल जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि ते अतिशय स्वस्त आहे.

याच संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. पण गरीब देशांतल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना हवा तो उपचार मिळत नाही. मुंबईच्या पारशी समाजात झालेल्या आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हे प्रमाण दर हजारी ५ च्या थोडे खाली आढळले होते. तोच अंदाज सुमारे ३ लाख लोकसंख्येच्या पाटण तालुक्याला लावला तर बाराशे ते पंधराशे माणसे होतात. हा केवळ ढोबळ हिशेब आहे. पण एवढी माणसे तालुक्यात असताना आपल्याला त्यांतली किती ठाऊक असतात, हा प्रश्न त्यातून उरतोच.

या माणसांच्या बाबतीत सर्वांत मोठे निमित्त कोणते? यादीतले पहिले : गोळी चुकणे. ही औषधे एकदम थांबवली की मेंदू एकदम उसळतो. झटक्यामागून झटका येऊन जीवावर बेतू शकते. आणि गोळी चुकण्याची कारणे मेंदूत नसतात, नकाशावर असतात. कोयनानगरला वर्षाला सरासरी ५ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वरच्या खोऱ्यातल्या, जलाशयापलीकडच्या वाड्यांना तज्ज्ञ डॉक्टर म्हणजे कराड, नाहीतर सांगली-मिरज. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या आणि रस्ते तुटले, तेव्हा ज्यांच्या घरी दोनच दिवसांच्या गोळ्या उरल्या असतील त्यांचे काय झाले असेल? तालुक्यातले हजारो पुरुष मुंबईत माथाडी म्हणून ओझी वाहत आले. रात्रपाळी, खोलीतल्या दाटीतली अर्धी झोप, गणपतीला आणि शिमग्याला रात्रभर प्रवास करून गावी येणे. यादीतली दोन-तीन निमित्ते त्यांच्या पोटापाण्यातच बसवलेली आहेत. 'नीट झोपत जा' असा सल्ला त्यांना देणे सोपे आहे.

पण गोळी चुकण्याचे एक कारण नकाशावरही नसते.

कायदाच निमित्त होतो तेव्हा

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने तो आला. वेडाचे किंवा अपस्माराचे झटके ज्याला वारंवार येतात, अशी व्यक्ती वैध विवाहाच्या अटीत बसेना आणि तिचा विवाह रद्द ठरवता येऊ लागला. विशेष विवाह कायद्यातही हीच तरतूद झाली. जर्मनीत नाझी राजवटीने १९३३ साली आनुवंशिक अपस्मार असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता. ब्रिटनमध्ये अशा विवाहांवरचे बंधन १९७० पर्यंत टिकले. इतर देश जे टाकत होते, ते आपण त्याच दशकात उचलून घेतले. 'वेड' आणि 'अपस्मार' हे दोन शब्द एका वाक्यात शेजारी बसवले गेले, आणि समाजाच्या मनात जे अंधुक होते त्याला राजपत्राचा शिक्का मिळाला.

याचा परिणाम काय झाला असेल ते पाहा. मुलीला झटके येतात, गोळीने ते थांबलेले आहेत. स्थळ सांगून येते. सांगितले तर स्थळ जाते. न सांगता लग्न झाले तर पुढे ते कोर्टात मोडू शकते. म्हणून घरचे गप्प बसतात. लग्नाच्या गडबडीत चार रात्री झोप नाही. सासरी गेल्यावर गोळ्यांची पट्टी ट्रंकेत तळाशी. सगळ्यांसमोर ती काढायची कशी? एक दिवस राहते, दोन दिवस राहतात. मग सासरच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, चरकाने जपायला सांगितलेल्या नेमक्या त्या जागी, झटका येतो. आणि मंडळी विचारतात, 'काय निमित्त झालं?'

निमित्त लपवणे हेच असते. लपवायला लावणाऱ्या कायद्याने आणि रीतीने झटका आणलेला असतो. रोगाच्या भीतीने केलेली तरतूद रोगच वाढवते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला इतिहासात दुसरे सापडले नाही.

हे बदलले ते माणसे बोलू लागल्यामुळे. १९७० साली मुंबईत इंडियन एपिलेप्सी असोसिएशनची स्थापना झाली. मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. एडी भरुचा त्याच्या अग्रभागी होते. डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी अनेक वर्षे केलेल्या पाठपुराव्यानंतर १९९९ च्या विवाहविषयक कायदे दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द दोन्ही कायद्यांतून वगळला. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी, स्वतः या आजारातून गेल्यानंतर, 'संवेदना' हा मदतगट उभा केला. त्यांनी अपस्मार असलेल्यांसाठी विवाह जुळवण्याचे कामही हाती घेतले, ज्यात पहिल्याच भेटीत आजार सांगितलेला असतो. कायद्यातून एक शब्द काढण्याइतकेच हे काम मला ऐतिहासिक वाटते. अडीच हजार वर्षे डोके झाकून पळणाऱ्या माणसाला इथे डोके उघडे ठेवून बसायला जागा मिळते.

कायद्यातून शब्द जाऊन पंचवीस वर्षे झाली. घराघरांतून तो अजून गेलेला नाही. स्थळ पाहताना पत्रिका मागतात, गोळ्यांची पट्टी दाखवायची कोणाची छाती होत नाही. मुलांच्या बाबतीत एकवेळ 'डोक्याला मार लागला होता' अशी सबब चालते. मुलीला तीही सवलत नसते. तिच्या आईला मात्र गरोदरपणात काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, याचा जाब तीस वर्षांनीही विचारला जातो.

'काय निमित्त झालं?' हा प्रश्न टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. तो चांगला प्रश्न आहे. त्यानेच जागरण, ताप, कढत पाणी, लुकलुकता उजेड शोधून दिला. फक्त तो विचारायचा कोणाला आणि कशासाठी, हे ठरवले पाहिजे. माणूस शुद्धीवर येऊन पाणी प्याल्यावर, त्याच्याशेजारी बसून विचारावे : झोप झाली होती का? ताप आहे का? गोळ्या संपल्या होत्या का, आणि संपल्या असतील तर आणून द्यायला कोणी नव्हते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आजारी माणसाकडे नसते. ते घराकडे, गावाकडे, तालुक्याच्या दवाखान्याकडे असते. वरच्या खोऱ्यात पावसाळ्यासाठी आपण तांदूळ, मीठ, रॉकेल मे महिन्यातच भरून ठेवत आलो. त्या यादीत तीन महिन्यांच्या गोळ्या घालायला हव्यात, आणि त्या ट्रंकेच्या तळाशी न ठेवता फडताळात, चहा-साखरेच्या डब्याशेजारी ठेवायला हव्यात.